चौकटीच्या वरची भिंत

नाही हो मिस्त्री, माल खराब नाही. बाकी काय वाट्टेल ते म्हणा, पण मालाला नावं ठेवू नका. वाळूत माती होती म्हणे — कुठून येईल माती? वाळू मी चाळलीय, बारीक जाळीतून, आणि चाळून झाली की दादा मूठभर घेऊन दाबायचा, मूठ उघडायचा आणि तळहात माझ्यासमोर धरायचा — हाताला काही चिकटलेलं दिसलं की म्हणायचा, बारक्या, परत. परत म्हणजे अख्खा ढीग परत. मी शिव्या घालायचो, मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं, आणि तो हसायचा. तर अशी चाळलेली वाळू आहे ती. या, इथं सांध्यात नख मारा. मारा हो. निघालं काही? तुमचं नख गेलं असेल, माल जागचा हलला नाही. मग? मी शाळेत वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त असायचो, मला धड अर्ज लिहिता येत नाही, पण माल मला झोपेतून उठवून कालवायला सांगा. आणि तुम्ही तर फाटकातून आत आलात, लांबूनच भिंतीकडे बघितलंत आणि म्हणालात — माल खराब आहे, उतरवावी लागेल. हात न लावता? अहो, डॉक्टरसुद्धा आधी नाडी तरी बघतो.

बसा. त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे. रागावलो नाही मी. माझा आवाजच असा आहे. मागे एकजण आला होता, त्याच्यावर रागावलो होतो, ते खरंय. त्यानं ओळंबा सोडला, मान तिरकी केली आणि हसला. भिंतीला हसला! म्हणतो, ही कुणी बांधली, बाटली जवळ ठेवून बांधली काय? त्याची थापी खाली पडली होती, मी उचलली आणि भिरकावली — माणसावर नाही, रस्त्याच्या पलीकडे, नाल्यात. तो थापी घ्यायलासुद्धा परत आला नाही. वहिनीनं विचारलं, तो गवंडी का नाही येत? मी म्हटलं, त्याला दुसरं काम मिळालं. तर आता तिनं तुम्हाला बोलावलं, मला न विचारता. मला सकाळी निघताना सांगते — दुपारनंतर एक वयस्कर मिस्त्री येतील, नीट बोल. वयस्कर बघूनच बोलावलं असणार. तुमच्यावर मी काही फेकणार नाही हे तिला माहीत आहे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वहिनीचा नवरा. गेला तो, तिनं फोनवर सांगितलंच असेल. अजून त्याचं ताट धुऊन पालथं ठेवलंय ओट्यावर, कुणी उचलत नाही — मला वाटतं, ती मी उचलेन म्हणून थांबलीय, आणि मी ती उचलेल म्हणून. असो. त्याचं काम ट्रकचं. इंजिन, गिअर, ब्रेक, सगळं. पण जागा कुठली? हेच अंगण. ट्रक इथं उभा, डोक्यावर आभाळ, आणि दादा खाली पाठीवर. ऊन असो, चिखल असो, त्याचे फक्त पाय बाहेर. वहिनी दवाखान्यात नर्स आहे, ड्युटीवरून यायची तेव्हा तिला ते पायच दिसायचे. म्हणायची, लोक विचारतात नवरा कसा दिसतो, मी म्हणते तोंडाचं सांगता येणार नाही, टाचा ओळखून दाखवते. तर त्यानं ठरवलं, गॅरेज बांधायचं. घराला जोडून. स्वयंपाकघराची ही भिंत आहे ना, इथं दार पाडायचं, म्हणजे तिनं हाक मारली की याला ऐकू जाईल आणि यानं पाना मागितला की — नाही, पाना मीच द्यायचो, पण चहा तरी सरळ इकडे येईल. आणि केवढं बांधायचं? अख्खा ट्रक आत जाऊन वर माणूस चालेल एवढं. पलीकडचे काका फाटकाशी उभे राहून म्हणाले, अरे, घराला गॅरेज जोडतोयस की गॅरेजला घर? दादा म्हणाला, काका, माणसं कशीही मावतात, ट्रकची घडी घालता येत नाही.

गवंडी लावला नाही आम्ही. का लावायचा? दादाला काय येत नव्हतं? पाया त्यानं आणि मी खणला. जोतं त्यानं पाण्याच्या नळीनं जुळवलं — एक टोक मी धरायचो, एक तो, आणि नळीतलं पाणी थांबेपर्यंत दोघांनी श्वास धरायचा, त्याचं म्हणणं श्वासानंही पाणी हलतं. मागची भिंत बघा. लावा ओळंबा, मला काही म्हणायचं नाही, लावा. केसभर फरक निघाला तर माझं नाव बदला. ही घराच्या समोरची, लांबची भिंत — हिचाही खालचा भाग बघा. बघितलात? आणि आता वर — हो. मला दिसतंय. मला काय डोळे नाहीत? आत झुकलीय. वर जाता जाता जास्त झुकलीय. त्या हसणाऱ्याला जे दिसलं ते मला रोज दिसतंय.

पण पाडायची कशाला? बाहेरून टेकू देऊ. लोखंडी अँगल लावू, बोल्ट मारू, माझ्याकडे आहेत अँगल, ट्रकच्या चेसिसचे आहेत, हत्ती बांधला तरी वाकणार नाहीत. नाही? छताचा भार यायचा म्हणून? छपराच्या कैच्या चढवल्या, पत्रे ठोकले, आणि सोसाट्याचा वारा आला तर — खाली माणूस असेल तर. हं. खाली माणूस असणारच, गॅरेज आहे ते, खाली माणूस पाठीवर पडलेला असणार आणि त्याला वर काय होतंय ते दिसणारही नाही. बरोबर आहे तुमचं. मला कळत नाही असं नाही हो. मी फक्त विचारलं.

ठीक आहे. मग पाडा. पण माझं एक ऐका. माल खराब वगैरे वहिनीला सांगायचं नाही. माल दादानं तपासलेला आहे, त्याच्यावर बोल येतो. तिला सरळ सांगायचं — तुमच्या दिरानं वाट लावली. मी बांधली ही वरची. माझी चूक. दादा खाली बसून सांगायचा, असं कर, तसं कर, मी ऐकलं नाही, घाई केली, मला घाई फारच आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तिला लगेच पटेल. मी एकदा स्कूटर दुरुस्त करून तिची चाकं उलटी बसवली होती, त्यावरून ती अजून टोमणे मारते. तर म्हणायचं, बाई, या पोराला थापी देऊ नका हातात. हवं तर जास्त बोला. शिव्या घाला माझ्यासमोर, तिच्यासमोर, मी मान खाली घालून उभा राहीन. जमेल मला. मी हसणार नाही. आणि वहिनीला काय कळतंय भिंतीतलं? तिला ओळंबा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, हा काय भोवरा लटकवलाय? संध्याकाळी आली की दादा परांचीवरून ओरडायचा, बघ गं, कशी चढलीय, सरळ आहे ना? आणि ती खालून म्हणायची, अगदी सरळ. वाकडी भिंत समोर, आणि म्हणायची अगदी सरळ —

काय? हो, परांचीवरून. म्हणालो ना. — मघाशी खाली बसायचा म्हणालो? कधी खाली, कधी वर. माणूस काय एकाच जागी बसतो? तुम्ही शब्दात काय पकडताय, मिस्त्री, तुम्ही भिंत बघायला आलात की —

बरं. राहू द्या. तुमच्याशी खोटं बोलून मला काय मिळणार आहे. तुम्ही काम कराल आणि जाल. आणि कुणाला तरी सांगितलं पाहिजे. पण वहिनीपर्यंत जायचं नाही. तुमची शपथ-बिपथ नको, नुसतं हो म्हणा. म्हणा. — बरं.

तो वर होता. दादा. वरची त्यानंच बांधली. आधी पाने पडायला लागले हातातून. पाना पडणं म्हणजे काय, कुणाच्याही हातातून पडतो, तेलकट असतो. मी म्हणायचो, म्हातारा झालास, तो म्हणायचा, ये खाली, दाखवतो म्हातारा. मग थापी त्यानं दुसऱ्या हातात घेतली. विचारलं तर म्हणे, दोन्ही हात शिकले पाहिजेत. आणि मग एक दिवस मी खालून बघतो, तर त्यानं लावलेला थर सगळा आत. थोडासाच. मी म्हटलं, दादा, ओळंबा लाव. त्यानं लावला. दोरी धरली, खाली सोडली, लंबक थांबेपर्यंत वाट बघितली, त्याच्या पद्धतीनं श्वास धरून — आणि म्हणाला, एकदम सरळ. आणि मी बघतोय, मिस्त्री, दोरी आणि भिंत यांच्यामध्ये माझी दोन बोटं जातील एवढी फट. तो तिच्याकडेच बघतोय आणि म्हणतोय सरळ. मला वाटलं माझी मस्करी करतोय. मी हसलो. तो नाही हसला.

संध्याकाळी तो आत हातपाय धुवायला गेला की मी वर चढायचो. माल अजून ओला असायचा. हलके हलके ठोकून ब्लॉक सरळ करायचो, ओळंब्यात आणायचो. मला वाटलं, झालं, कुणाला कळणार नाही, असंच करत वर जाऊ. तर सकाळी तो परांचीवर चढला आणि नुसता उभा राहिला. मला म्हणाला, बारक्या, काल भिंत कुणी ढकलली रे? आता ही वाकडी आहे. समजतंय का तुम्हाला मी काय म्हणतोय? मी सरळ केलेली त्याला वाकडी दिसत होती. त्याचा चेहरा — मी दादाला पोलीस दारात आले तेव्हा बघितलंय, ट्रकचा जॅक सटकला आणि चाक कानाजवळून गेलं तेव्हा बघितलंय, मी त्याला घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्यानं तो थर काढला. सगळा. पुन्हा लावला, आत झुकलेला, आणि मग त्याला बरं वाटलं. हात झटकून म्हणतो, हं, आता ठीक. मग मी सरळ करणं सोडून दिलं. काय करायचं होतं? रोज सकाळी तो चेहरा बघायचा?

पण पुढचं ऐका, पुढचं जास्त आहे. आम्ही दोन टोकांनी यायचो. त्या कोपऱ्यातून तो, या कोपऱ्यातून मी, आणि मध्ये भेटायचो. आता माझी बाजू सरळ, त्याची झुकलेली — मध्ये जुळणार कशी? तो माझ्याकडे बघून ओरडायचा, अरे, काय करतोयस, तुझी बाहेर जातेय! तर मी — मी माझी पण वाकडी बांधायला लागलो. मुद्दाम. आधी ओळंबा लावायचो, सरळ काय ते बघायचो, आणि मग ब्लॉक आत सरकवायचो, दादाच्या ब्लॉकला जुळेल इतका. जास्त नाही, कमी नाही. तुम्ही आयुष्यभर भिंती बांधल्यात, मिस्त्री, पण मुद्दाम वाकडी, आणि सगळीकडे सारखी वाकडी, अशी बांधून बघा कधी. सरळ बांधायला ओळंबा आहे. वाकडं बांधायला काय आहे? त्याच्या डोळ्यांकडे बघून बांधायचो मी. तो नुसता हं म्हणाला की माल भरायचो. मध्ये येऊन भेटलो की तो माझ्या पाठीवर थाप मारायचा — शिकलास की रे! म्हणून मी म्हटलं भिंत मी वाकडी केली. ते अगदीच खोटं नव्हतं. अर्धी तर माझीच आहे. आणि त्याची चुकून वाकडी आहे, माझी मुद्दाम. मग जास्त दोषी कोण?

नाही, त्याला कळलं. शेवटी कळलं. एक दिवस परांचीवर बसला, पाय खाली सोडून, आणि म्हणाला — ये, बस. बसलो. म्हणाला, मला ही भिंत सरळ दिसते. म्हणजे वाकडीच असणार. हो ना? मी म्हटलं, नाही दादा, सरळच आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, शाबास. हिलाही हेच सांगायचं. तो एकटाच जाऊन आला होता, दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडे, जिथं वहिनीला ओळखणारं कुणी नाही. डोक्यात गाठ. अशा जागी की तिथं हात घालता येत नाही. मी काय केलं असेल? मी ओरडलो. आत्ताच्या आत्ता वहिनीला सांगतो म्हणालो, खाली उडी मारली, पायही मुरगळला — आणि त्यानं वरूनच, अगदी हळू, म्हटलं, ती दिवसभर आजारी माणसं बघून येते रे. घरी आल्यावर एक तरी माणूस बांधकाम करताना दिसू दे. बस. एवढंच म्हणाला. मी लंगडत उठलो. माल कालवला. परत कामाला लागलो.

आणि मग तो इथंच पडला, या अंगणात, त्या पाण्याच्या टाकीजवळ, आणि वहिनीनं त्याला तिच्याच दवाखान्यात नेलं, आणि तिथं त्यांनी फोटो काढून सगळं सांगितलं, आणि मीही तोंड उघडं ठेवून ऐकलं, जसं काही मलाही आत्ताच कळतंय. फार दिवस नाही काढले त्यानं. लोक येऊन वहिनीला म्हणायचे, अचानक झालं, कुणाला काय माहीत असणार, तुझ्या हातात काही नव्हतं. ती मान हलवायची. मी कोपऱ्यात बसून बघायचो — तिच्याकडे फक्त तेवढंच आहे, मिस्त्री. अचानक झालं. एवढ्यावर ती उठते, डबा भरते, ड्युटीवर जाते. तिथं ती दुसऱ्यांच्या नवऱ्यांना म्हणते, माझं बोट दाबा बघू, जोरात दाबा, आता दुसऱ्या हातानं. तिचं कामच आहे ते. आणि तुम्ही तिला जर सांगितलंत की भिंत इथपर्यंत चांगली आणि इथपासून वाकडी, तर ती काय करेल? ती मागे मोजत जाईल. अमका थर कधी लावला, तेव्हा मी कुठं होते, तेव्हा याचा हात असा होता आणि मी त्या हातात ताट दिलं आणि मला दिसलं नाही. मला! बाकीच्यांचे हात दाबून बघणारीला! ती वेडी होईल हो. मी तिला ओळखतो. तिला एकदा कुठल्या तरी म्हाताऱ्याचं औषध द्यायला थोडा उशीर झाला होता, त्याला काही झालंसुद्धा नाही, तरी ती चार दिवस जेवली नव्हती.

तर कळलं ना आता, मी काय मागतोय? माझ्यावर टाका. सगळं माझ्यावर. मी झेलतो, मला सवय आहे, मला लहानपणापासून सगळे मूर्खच म्हणत आलेत, त्यात अजून एक भिंत. दादाला आणि तिला मध्ये आणू नका. बोला की. असे खाली काय बघताय? एवढं अवघड नाही, एक वाक्य आहे — बाई, पोरानं वाकडी बांधली, आता—

काय म्हणालात?

नाही, मोठ्यानं बोला, इकडं बघून बोला. चौकटीच्या वरून? खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेपासून वरचं उतरवायचं आणि खालचं शाबूत ठेवायचं — हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी तर चौकटीचं नाव काढलं नाही. वरची म्हणालो मी, नुसती वरची. तुम्ही या भिंतीला ओळंबा तरी कुठं सोडलाय अजून? मघाशी लांबूनच बघून तुम्ही —

वहिनीनं?

थांबा. थांबा, परत सांगा, मला नीट सांगा, मला एकदम कळत नाही. फोनवर म्हणाली, चौकटीच्या वरचं सगळं काढा. खालच्याला धक्का लावू नका, ते त्यांनी हात चांगला असताना बांधलंय. असं म्हणाली? हात चांगला असताना? असेच शब्द? — आणि दिराला म्हणा माल खराब निघाला. वाळूत माती होती म्हणा. खरं सांगितलंत तर तो मनाला लावून घेईल, त्याला वाटेल मला कळलं. असं म्हणाली. ती. माझ्याबद्दल.

रडत होती का? फोनवर. नाही? मग कशी बोलत होती? — नुसती सांगत होती. हो. ड्युटीवरचं बोलते तशी. ठाऊक आहे मला तो आवाज.

पाणी तीच मारायची भिंतीला. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, तीच नळी धरून उभी राहायची, मी म्हणायचो मी मारतो, तर म्हणायची, तुम्ही दोघं दिवसभर करता, एवढं तरी माझं असू दे. एकेका थरावरून पाणी न्यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाकडं असलेलं पाण्याला लगेच कळतं, मिस्त्री, ते भिंतीवरून उतरायचं सोडून मधूनच ठिबकतं. ती बघत होती. रोज बघत होती. आणि वर तोंड करून म्हणायची, अगदी सरळ. आणि दादा परांचीवर बसून हसायचा, आणि मी खाली मान घालून घमेलं धूत असायचो. तिघं होतो आम्ही तिथं. तिघांनाही दिसत होती भिंत वाकडी. त्याला दिसत नव्हती, पण माहीत होती. आणि तिघंही —

एक सांगा. नाही, तुम्ही काय सांगणार, तुम्ही कुठं होतात. पण दादाला माहीत होतं का? की तिला माहीत आहे, हे? तो मला शाबास म्हणाला, हिलाही हेच सांग म्हणाला, आणि रोज तिलाच विचारायचा, सरळ आहे ना? रोज. मला नाही विचारायचा, तिला विचारायचा. म्हणजे त्याला कळलं होतं का? की तो तसाच गेला, तिच्यापासून लपवलं असं समजून? हे आता कुणाला विचारू? सांगा ना. तिला विचारू? तिलाही माहीत नसेल. तीही हेच विचारत बसली असेल रात्री पलीकडच्या खोलीत, आणि मी माझ्या खोलीत, मध्ये एक भिंत, आणि सकाळी उठून ती मला विचारते झोप लागली का, आणि मी म्हणतो छान लागली.

डोळ्यांत गेलंय काहीतरी. सिमेंटची धूळ आहे इथं सगळी.

हसू नका. हसत नाही तुम्ही, मला कळतंय, तरी हसू नका. मला तिचा राग येतोय, मिस्त्री, खरं सांगतो, खूप राग येतोय. मला का नाही सांगितलं? मी एवढं एकट्यानं — आणि ती म्हणेल, तू का नाही सांगितलंस? मला काय येतं बोलायला. मला फेकता येतं, ओरडता येतं.

थांबा. फाटक वाजलं. तीच आहे, चप्पल घासत येते ती, दमली की. आज लवकर सुटली. नाही, बसू नका आता, उठा. तुम्ही जा. मागून कशाला, समोरूनच जा, तिला नमस्कार करा आणि जा, माल खराब आहे वगैरे काही बोलू नका. काहीच बोलू नका. ती विचारेल, काय ठरलं, तर म्हणा, दीर सांगेल. परवा या. कैच्यांचं, पत्र्याचं परवा बोलू. वरून चौकटीपर्यंतचं आम्ही उतरवून ठेवतो, कुठपर्यंत ते मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. नाही, मदत नको. माणूस पाठवू नका. पिशवी न्या तुमची, फक्त हातोडा ठेवून जा. दोन आहेत ना पिशवीत? — मग दोन्ही ठेवा. जा आता. जा म्हणतो ना.